लिफ्ट सोडून जिन्याने

"दिवसभर काय करता?" डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला सारत विचारलं.

"ऑफिसात बसते."

"अन् घरी?"

"घरी काय, सगळंच करते. सैपाक, भांडी, धुणं."

"ते सगळ्याच सांगतात. दम लागेल असं काय करता?"

दम मला लागायचा, पण मुद्दाम दम लागावा म्हणून मी आयुष्यात काही केलं नव्हतं. पन्नाशी जवळ आली होती, साखर वाढली होती, उठताबसता गुडघे वाजायचे. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "गोळीच्या भरवशावर राहू नका. चाला. घरी चाला, ऑफिसात चाला, मैदानावर चाला. खुर्चीत मुरून राहू नका."

मुरून राहू नका, हे शब्द मला लागले. दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना मी पहिल्यांदा अंगाकडे नीट पाहिलं. ओटीपोटावर पडलेली घडी, त्या घडीत घामाने उठलेला लाल पट्टा, मांड्यांच्या आतून घासून काळी पडलेली कातडी. आपल्याच अंगाची अशी शिसारी येईल असं वाटलं नव्हतं. मी भराभर पाणी ओतून घेतलं आणि बाहेर आले.

सुरुवात घरापासूनच केली. वर्ध्यात एका जुन्या लेआउटमध्ये आमचं घर आहे. मुलगी शिकायला पुण्याला, घरात मी आणि नवरा. तो शाळेत शिकवतो. आधी मी गच्चीच्या स्लॅबवर चालायला गेले, पण तिथं रात्रभर वानरं मुक्काम करून गेलेली असायची आणि त्यांनी मागे ठेवलेलं सगळं चुकवत चालण्यात चालणं कमी आणि उड्याच जास्त व्हायच्या. म्हणून मग संध्याकाळी घरातच, सैपाकघराच्या दारापासून बाहेरच्या दारापर्यंत, फेऱ्या घालायला लागले.

वाटेत दिवाण होता आणि दिवाणावर नवरा. शाळेतून आला की तो तिथं आडवा व्हायचा, ते जेवणापर्यंत. त्याचे पाय दिवाणाच्या बाहेर लोंबायचे. भेगांमध्ये माती बसलेल्या त्या टाचा प्रत्येक फेरीला माझ्या गुडघ्याला लागायच्या. संसाराची इतकी वर्षं मी त्या टाचा पाहत आले होते, पण अशा सारख्या सारख्या, इतक्या जवळून नव्हत्या पाहिल्या.

"अवं, तू काऊन अशी येरझाऱ्या घालून राह्यली?" तो म्हणाला. "टीव्ही दिसत नाई मले."

"डॉक्टरने सांगतलं चालाले."

"मंग चालतच हायेस तं पाणी आणून दे."

मी पाणी आणून दिलं. पुढच्या फेरीला चार्जर. त्याच्या पुढच्या फेरीला चष्मा. आठवडाभरात माझं चालणं म्हणजे त्याची सोय झाली. एके दिवशी त्याने दिवाणावरच जेवण उरकलं आणि मी शेजारून जाताना ताट पुढे केलं. "जाता जाता हे ठेवून देजो." ताटात शेवग्याच्या शेंगांचा चोथा होता. चावून चावून पांढऱ्या पडलेल्या दोऱ्यांचा ओला ढीग. एरवी मी ते ताट मुकाट्याने उचललं असतं. त्या दिवशी दोन बोटांनी कड धरून नेलं. ताट मोरीत ठेवलं, आणि ठरवलं की उद्यापासून मैदानावर जायचं.

मैदान आमच्या घरापासून जवळ आहे. कडेने चालायचा रस्ता केलेला आणि एका कोपऱ्यात लोखंडी मशीन बसवलेल्या. मी सकाळी सातच्या आधी पोचायचे. पहिल्याच दिवशी कळलं की मैदानावर रात्री दुसरे लोक येतात. चालायच्या रस्त्यावर फुटक्या बाटल्या, चखण्याच्या प्लास्टिकच्या पन्न्या, कोंबडीची हाडं, आणि त्या हाडांवरून भांडणारी कुत्री. मागच्या भिंतीपाशी तर नाकाला पदर लावूनच जावं लागायचं. दिवस उजाडल्यावरही माणसं भिंतीकडे तोंड करून उभी असायची. मैदानावर चालणाऱ्या आम्ही चार बाया जवळून गेलो तरी त्यांना काही वाटायचं नाही. मान आम्हीच वळवायची.

मशीनवर पुरुष मंडळी बसलेली असायची. बसलेलीच. पायाने चालवायच्या मशीनवर एकजण आडवा बसून मोबाइल बघायचा, दुसरा पाठीच्या मशीनवर रेलून राजकारण सांगायचा. एक सेवानिवृत्त गृहस्थ होते. पांढरे बूट, पांढरी टोपी, खिशातल्या मोबाइलवर मोठ्याने भजन. ते माझ्या पुढे चालायचे आणि दर थोड्या वेळाने घसा खाकरून रस्त्याच्या मधोमध थुंकायचे. आवाज आधी यायचा, घशाच्या पार तळातून, आणि मी जागीच थांबायचे.

एकदा मी म्हटलंच, "काका, जरा बाजूला थुंका ना. मागून माणसं येतात."

त्यांनी भजनाचा आवाज कमी केला. "पोट साफ नाही, कफ आहे. आता कफ काय खिशात ठेवू?"

"बाजूला गवत आहे ना."

"इतकी किळस येते तं घरीच चालत जा बाई," ते म्हणाले आणि आवाज पुन्हा वाढवला.

तरीही मी जात राहिले. मला चालल्यावर बरं वाटायला लागलं होतं, हे खोटं कशाला सांगू. झोप लागायची. पण मग एका सकाळी मशीन रिकामी दिसली म्हणून मी हातांनी फिरवायच्या चाकापाशी गेले. चाकाची मूठ धरली आणि बोटं चिकटली. मुठीला कोणाचा तरी शेंबूड होता. नाक शिंकरून मुठीला पुसून तो माणूस व्यायाम करायला मोकळा झाला असावा. मी बोटांकडे बघत उभी राहिले. मैदानावर नळ होता, त्याला तोटी नव्हती. मी मातीत हात घासला, गवताला घासला, आणि मग तो हात अंगापासून दूर धरून घरी निघाले. रस्त्यात शेजारीण भेटली. तिने विचारलं, "हाताले काय झालं?" मी हात तसाच धरून पुढे गेले. घरी आल्यावर कपडे धुवायच्या साबणाने हात धुतला, मग भांड्यांच्या, मग डेटॉलने. त्या दिवशी पोळ्या डाव्या हाताने लाटल्या.

मैदान तिथंच सुटलं. आता राहिलं ऑफिस.

आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. इमारतीला लिफ्ट बसल्यापासून जिना कोणी वापरत नव्हतं. पहिल्या मजल्यावर जायलाही लोक लिफ्टची वाट बघत उभे राहायचे, चढून जाऊन परत आले असते इतका वेळ. मी ठरवलं, येता-जाता जिना, आणि जेवणाच्या सुट्टीत एकदा खाली जाऊन वर.

जिन्याचं दार ढकललं आणि आधी वास आला. खर्रा खाणाऱ्या माणसाच्या तोंडाजवळ बसलेल्या कोणालाही तो वास सांगावा लागणार नाही. सुपारी, तंबाखू, चुना, आणि त्यात मुरलेली लाळ. आमच्याकडे तर जन्माला आलेला माणूस आधी आईला ओळखतो आणि मग पानठेल्याला. जिना कोणी चढत नव्हतं, पण थुंकायला मात्र सगळे येत होते. प्रत्येक वळणाच्या कोपऱ्यात कमरेपर्यंत भिंत तांबडी झाली होती. जुनं वाळून काळं पडलेलं, त्यावर नवं ओघळलेलं, त्यावर माश्या. खाली रिकाम्या पन्न्यांचा ढीग. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उतरताना कठडा धरा, गुडघ्यांना आधार. कठडा धरायची माझी हिंमत नव्हती. साडी गुडघ्यापर्यंत आवळून, नाकाला रुमाल लावून मी चढायचे. वर पोचले की दम लागलेला असायचा, पण रुमालातून मोठा श्वास घेता यायचा नाही. उन्हाळ्यात तर तो जिना भट्टीसारखा तापायचा आणि वास दुप्पट व्हायचा.

मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "मॅडम, लिफ्ट आहे ना?"

"मला चढायचं आहे साहेब. डॉक्टरांनी सांगितलंय."

त्यांनी विचार केला आणि महिन्याभरात कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावून घेतल्या. सगळ्या धर्मांच्या, कोणाला तक्रार नको म्हणून. थोडे दिवस फरक पडला. मग लोकांनी टाइलच्या हातभर अलीकडे थुंकायला सुरुवात केली. म्हणजे देव दिसत होता, त्याला वाचवण्याइतकी श्रद्धा होती, नेमही चांगला होता. मला आधीपेक्षा जास्त किळस आली. आधी निदान असं वाटायचं की माणूस न बघता थुंकतो.

आता मला आमच्या भाऊंविषयी सांगितलं पाहिजे. ते माझ्याच टेबलाशेजारी बसायचे, अजूनही बसतात. वडनेरचे. घरी थोडी शेती, आणि रोज बसने जाणं-येणं. माझ्यापेक्षा लहान, पण मी त्यांना भाऊ म्हणते आणि ते मला ताई. आमच्याकडे ऑफिसातली नाती अशीच असतात. आम्ही रोज एकत्र जेवायचो. त्यांच्या बायकोच्या हातची पातोडीची भाजी म्हणजे काय सांगू. झणझणीत रस्सा, आणि भाऊ त्यातल्या बेसनाच्या वड्या स्वतःच्या बोटांनी उचलून माझ्या पोळीवर ठेवायचे. "घ्या ताई, तुम्ही काय खाऊन राह्यल्या! दोन घासात जेवण होते का?" माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात ते घरच्या माणसासारखे दवाखान्यात वावरले होते. मला सख्खा भाऊ नाही. असता तरी त्याने याहून जास्त काय केलं असतं?

ते खर्रा खातात हे मला माहीत होतं. इथं कोण खात नाही? पण ते ऑफिसात कधी थुंकताना दिसले नव्हते. मी कधी विचारही केला नव्हता की मग ते कुठं थुंकतात.

त्या दुपारी मी खाली जाऊन परत चढत होते. पायात कापडी बूट होते, त्यामुळे आवाज नव्हता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक माणूस कोपऱ्याकडे तोंड करून, भिंतीला हात टेकवून, मान खाली घालून उभा होता. क्षणभर मला वाटलं, कोणीतरी टाइलवरच्या देवाला नमस्कार करतंय. मग पचकन आवाज आला. माणूस वळला. भाऊ होते.

"ताई, तुम्ही?" ते म्हणाले. तोंड पुरतं रिकामं झालं नव्हतं, त्यामुळे 'ताई' शब्द ओला आला. हनुवटीवर एक तांबडा थेंब होता. त्यांनी तो बोटांनी पुसला. त्याच बोटांनी.

मी पायऱ्या चढून वर गेले.

दुसऱ्या दिवशी डब्यात नेमकी पातोडी होती. भाऊंनी नेहमीसारखी वडी उचलली.

"नको भाऊ, आज उपास आहे."

"आज कोणता उपास ताई?"

"चतुर्थी."

"चतुर्थी तं परवा झाली." त्यांनी वडी हातातच धरली होती. रस्सा बोटांवरून मनगटाकडे ओघळत होता आणि मला तो कोपऱ्यातला ओघळ दिसत होता. "काय झालं? सांगा ना."

मी सांगून टाकलं. "भाऊ, तुमच्या हातचं मला आता खाववत नाही. मी रोज त्या जिन्याने चढते. रोज."

भाऊंनी वडी परत डब्यात ठेवली, डब्याला झाकण लावलं आणि बाहेर गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. नंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण किळस गेली नाही. किळस समजावून जात नाही. मी स्वतःला सांगून पाहायचे की हा तोच माणूस आहे, आणि नजर त्यांच्या बोटांवर जायची.

मग एकदा दुपारी मी जिन्याचं दार ढकललं, तर भाऊ मागे आले.

"चला ताई, मीबी येतो. बीपी निघालं म्हणते डाक्टर. चालाले सांगतलं."

मी मान हलवली. आम्ही खाली उतरलो आणि परत चढायला लागलो. पहिल्या मजल्यापर्यंत ते बोलत नव्हते. मला वाटलं अजून राग आहे. मग लक्षात आलं की त्यांचा गाल फुगलेला आहे. सवयीने त्यांनी खर्रा तोंडात टाकला होता आणि आता माझ्यासमोर थुंकायची सोय नव्हती. दम लागला होता, नाकाने श्वास पुरत नव्हता आणि तोंड उघडता येत नव्हतं. दुसऱ्या मजल्याच्या त्याच वळणावर ते थांबले, कोपऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि त्यांनी गिळलं. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. मी ते पाहिलं.

मी कठडा धरला, पहिल्यांदाच, आणि तो चिकट होता. मग मला आवरलंच नाही. मी त्याच कोपऱ्यात, टाइलच्या खाली, ओकले. सकाळचा चहा, दुपारची पोळी, सगळं. साडीच्या निऱ्यांवर उडालं, बुटांवर उडालं.

"बसा, बसा ताई. पायरीवर बसा." भाऊंनी मला खांद्याला धरून बसवलं. मग ते धावत वर गेले आणि संडासातली बादली आणि खराटा घेऊन आले. पाणी ओतलं, खराट्याने घासायला लागले. मी म्हणत होते, "राहू द्या भाऊ, झाडूवाली बाई येईल, तिला सांगू." ते म्हणाले, "काऊन? माणसाच्या पोटातलंच हाये ना. त्याचं काय एवढं?"

ते घासत होते आणि मला दवाखान्यातला तो वॉर्ड आठवला. आई काही खाल्लं की ओकायची. मी तिची मुलगी, पण तसराळं धरताना तोंड फिरवायचे. भाऊंनी एकदा ते पाहिलं आणि माझ्या हातातून तसराळं घेतलं. मग जेव्हा जेव्हा ते आले तेव्हा तेव्हा त्यांनीच धरलं. आईचं तोंड पुसलं, तसराळं धुऊन आणलं, आणि हात धुऊन लगेच डबा उघडून जेवायला बसले. तेव्हा मला ते देवमाणूस वाटले होते. त्या पायरीवर बसल्या बसल्या मला कळलं की ते तेव्हाही असेच होते आणि आत्ताही असेच आहेत. त्यांना किळसच येत नाही. कशाचीच नाही. त्यामुळेच त्यांनी माझ्या आईचं सगळं केलं आणि त्यामुळेच भिंतीवर थुंकताना ते अडखळत नाहीत. मला कोणत्या अर्ध्यावर रागवायचं ते कळेना.

माझं धुताना भिंतीवरचं बरंच निघालं. खालून पिवळट रंग दिसायला लागला. भाऊ मागे सरून बघत म्हणाले, "पाहा ना ताई, निघते तं."

"मग थुंकता कशाला?"

त्यांनी खराटा बादलीत बुडवला. म्हणाले, "इथी सगळेच थुंकतात म्हून."

त्यानंतर जिन्यात त्यांनी थुंकलेलं मी पाहिलं नाही. खर्रा सुटला नाही. खाली उतरलो की चढायच्या आधी ते फाटकाबाहेर नालीत थुंकून, चूळ भरून येतात. रोज येतात हे मात्र खरं. पाऊस असो, ऊन असो, जेवण झालं की, "चला ताई." मी त्यांच्या डब्यातलं अजून खात नाही. त्यांनी एकदा बायकोकडून वेगळ्या लहान डब्यात, चमचा घालून, पातोडी भरून आणली. मी ती घरी नेली. नवऱ्याने खाल्ली आणि चाटून पुसून डबा दिवाणावरून माझ्याकडे दिला.

माझी साखर थोडी उतरली. डॉक्टर खूश आहेत. गुडघे पूर्वीपेक्षा बरे आहेत.

मध्ये लिफ्ट बिघडली आणि काही दिवस अख्खं ऑफिस जिन्याने चढलं. पहिल्या मजल्यावर सगळे ठीक होते, दुसऱ्याच्या वळणावर धापा टाकत उभे राहिले, कोणी पायरीवर बसले. साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, "किती घाण करून ठेवली आहे लोकांनी!" लोक म्हणजे तिथंच उभे असलेले सगळे. दोघंतिघं माना डोलावून "हो ना साहेब" म्हणाले, आणि साहेब वर गेल्यावर त्यातल्या एकाने श्वास जमल्याबरोबर कोपऱ्यात थुंकलं.

साहेबांनी ते मनावर घेतलं. पुढच्याच आठवड्यात रंगारी आले आणि सगळ्या जिन्याला खालून कमरेपर्यंत गडद चॉकलेटी रंग मारून गेले, भाऊंनी घासलेल्या कोपऱ्यासकट. आता डाग दिसत नाहीत. लिफ्ट दुरुस्त झाली आहे आणि जिन्यात पुन्हा आम्ही दोघंच असतो. वास तसाच आहे. फरक इतकाच की भिंत कुठं ओली आणि कुठं कोरडी ते आता कळत नाही. पूर्वी मी बघून बाजूला होत असे. आता पदर आवळून, कशालाही अंग लागू न देता, पायरीच्या मधोमध चढते.

"रंग चांगला मारला ना ताई," भाऊ मागून म्हणतात. "कसं साफ दिसून राह्यलं."

मी उत्तर देत नाही. बोलायचं तर तोंड उघडावं लागेल, आणि त्या वासात तोंड उघडायची माझी तयारी नसते.